फावल्या वेळेतला हत्ती

ज्यांची लग्ने चार दशकांपूर्वी शाळेच्या सभागृहात किंवा घरासमोरच्या मांडवात लागली, त्यांना रुखवताचे टेबल नक्की आठवत असेल. एका बाजूस लाडू-चिरोट्यांच्या चळती, दुसऱ्या बाजूस भांडी आणि या दोहोंच्या मधल्या जागेत वधूच्या 'अंगच्या कलां'चे प्रदर्शन. आगकाड्यांचे घर, लोकरीचा ससा, साबुदाण्याच्या खळीत बुडवून ताठ केलेला क्रोशाचा हंस. वरपक्षाकडील बायका हंसाची मान हलवून पाहत, पुरुष त्याकडे न पाहता पंगतीची चौकशी करीत. लग्नानंतर हा सारा प्राणिसंग्रह काचेच्या कपाटात बंद होई आणि पुढील तीस वर्षे धूळ खात उभा राही.

आमच्या आत्याच्या कपाटात असाच एक हत्ती आहे. राखाडी फेल्टचा, वीतभर उंचीचा, गुलाबी कानांचा. त्याचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा किंचित वर बसल्यामुळे तो कायम काहीतरी खोडी काढून आल्यासारखा दिसतो. शेपूट म्हणजे क्रोशाची एक लांब साखळी आणि टोकाला काळ्या लोकरीचा गोंडा. लहानपणी आम्हांस तो फक्त दुरून पाहण्याची परवानगी होती. अलीकडे आम्ही आत्याला त्याविषयी विचारले तेव्हा ती म्हणाली, "अरे, फावल्या वेळात केला होता. त्यात काय एवढं विचारण्यासारखं?"

या 'फावल्या वेळा'ने आम्हांस थोडे अडवले. घरी बसून कापडाचे, लोकरीचे, दोऱ्याचे गमतीदार प्राणी आणि फुले करणे या उद्योगाबद्दल जेव्हा जेव्हा बोलले जाते, तेव्हा हा शब्द सोबत येतोच. करणारीही तोच वापरते आणि पाहणाराही. मात्र या हत्तीच्या आणि त्या हंसाच्या मागे मागे जात राहिले, तर या शब्दाखाली इतके काही झाकलेले सापडते की त्याला निरुपद्रवी म्हणणे अवघड होऊन बसते.

*

प्रथम फेल्टविषयी. दुकानात रंगीत चौकोनी तुकड्यांच्या रूपात मिळणारे फेल्ट आज बहुधा कृत्रिम धाग्यांचे असते. पण मूळ फेल्ट म्हणजे लोकरीचे असे कापड की जे विणलेलेच नसते. त्यात ताणाही नाही आणि बाणाही नाही. मेंढीच्या लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. लोकर पिंजून पसरली, तिच्यावर गरम पाणी आणि साबण शिंपडला आणि ती दाबली, मळली, गुंडाळून पायाखाली लाटली, की हे तंतू एकमेकांत असे गुंततात की पुन्हा सुटत नाहीत. काश्मीरचा आणि राजस्थानातील टोंकचा नमदा याच रीतीने होतो. आपल्याकडे बुरणूस म्हणून जे जाड पांघरूण ओळखले जाते, तेही याच कुळातले.

विणलेले नसल्यामुळे फेल्टला एक गुण आपोआप मिळतो. ते कुठेही, कसेही कापले तरी त्याच्या कडा उसवत नाहीत. दुमड घालावी लागत नाही. हत्तीचा कान कापायचा तर कानाएवढा कापावा आणि सरळ शिवून टाकावा. घरगुती कलाकुसरीत फेल्टला जे स्थान आहे ते या एका गुणामुळे. हातात कात्री नुकतीच आलेल्या मुलीचीही त्यात फजिती होत नाही.

हे गमतीचे काम किती जुने असावे? सायबेरियाच्या दक्षिणेस अल्ताय पर्वतात पाझिरिक नावाचे ठिकाण आहे. तेथील भटक्या घोडेस्वार जमातींच्या सरदारांच्या थडग्यांत पाणी शिरले, गोठले आणि शतकानुशतके गोठलेलेच राहिले. त्यामुळे एरवी कुजून जाणाऱ्या वस्तू तेथे टिकल्या. सेर्गेई रुदेन्को या पुरातत्त्वज्ञाने १९४०च्या दशकाच्या अखेरीस तेथील पाचवे थडगे उघडले तेव्हा त्यात गालिचा आणि रथ यांच्या जोडीला फेल्टचे हंस निघाले. पांढऱ्या फेल्टचे अंग, काळे पंख, आत भरण घालून फुगवलेले पोट आणि डौलात वळलेली मान. ते साधारण तेवीस-चोवीसशे वर्षांपूर्वीचे. आज ते सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहेत. रथाच्या किंवा तंबूच्या छतावर ते शोभेसाठी बसवले असावेत, असे तज्ज्ञ मानतात.

त्या हंसाचे छायाचित्र पाहताना आम्हांस पहिल्यांदा रुखवतच आठवले. थडग्यातला गालिचा पाहून आपण 'कला' म्हणतो, रथ पाहून 'तंत्रज्ञान' म्हणतो. हंसासाठी असा तयार शब्द आपल्यापाशी नाही. तो निरुपयोगी आहे, गोड आहे आणि अतिशय कसबाने केलेला आहे. मरणाऱ्या माणसाबरोबर काय पाठवावे, याचा निर्णय करताना कुणालातरी तो आवश्यक वाटला होता, एवढेच आपल्याला निश्चित म्हणता येते.

*

आता हत्तीकडे वळू. जर्मनीच्या दक्षिण भागातील गींगेन या लहानशा गावी १८४७ साली मार्गारेटे श्टाइफ हिचा जन्म झाला. दीड वर्षाची असताना तिला जो ताप आला तो पोलिओचा होता, हे पुढे ध्यानात आले. दोन्ही पाय निकामी झाले आणि उजवा हात उचलणेही दुःखदायक ठरले. मुलगी कधी स्वतःच्या पायावर उभी राहील, ही आशा घरच्यांनी सोडून दिली होती. शब्दशः अर्थाने ते खरेच ठरले. तरीही ती शिवणकाम शिकली. शिलाई यंत्राचे चाक उजव्या हाताने फिरवणे तिला जमेना, तेव्हा तिने यंत्रच उलट्या बाजूने लावले आणि चाक डाव्या हाती घेतले.

गावात फेल्टचे उत्पादन होत असे. १८७७ साली मार्गारेटेने फेल्टचे तयार कपडे विकण्याचे दुकान काढले. १८७९च्या डिसेंबरात 'मोडेनवेल्ट' या फॅशनच्या मासिकात तिला कापडी हत्तीचा एक नमुना दिसला. त्यावरून तिने फेल्टचे छोटे हत्ती शिवले. ते खेळण्यासाठी नव्हतेच. ती टाचण्या खोचून ठेवायची उशी होती, ओळखीच्या बायकांना भेट द्यावी म्हणून केलेली. मात्र त्या बायकांच्या घरी मुले होती. मुलांनी टाचण्या बाजूला सारल्या आणि हत्ती पळवला. उपयोगी वस्तूचे खेळणे झाले ते असे, करणारीच्या नव्हे तर पळवणाऱ्यांच्या इच्छेने.

पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. १८९३ साली या उद्योगाची रीतसर नोंदणी झाली. मार्गारेटेचा पुतण्या रिचर्ड याने १९०२ मध्ये हातपाय हलणारे अस्वल रचले आणि १९०३च्या लाइपझिग जत्रेत एका अमेरिकन खरेदीदाराने तशी तीन हजार अस्वले एकदम मागवली. त्याच सुमारास अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या शिकारीवरील एका व्यंगचित्रामुळे अमेरिकेत अस्वलाची लाट उसळली होती. ब्रुकलिन येथे मिठाईचे दुकान चालवणाऱ्या मॉरिस आणि रोझ मिचटम या दांपत्याने घरीच शिवलेले अस्वल दुकानाच्या काचेत ठेवले, तेही याच वेळी. १९०७ या एका वर्षात श्टाइफच्या कारखान्यातून सुमारे ९ लाख ७४ हजार अस्वले बाहेर पडली. १९०९ साली मार्गारेटेचा मृत्यू झाला.

ही कथा सामान्यतः उद्योजकतेची कथा म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेच. आमचे लक्ष मात्र तिच्या एका सांध्यावर खिळते. १८८०चा हत्ती आणि १९०७ची अस्वले यांच्या मध्ये कोठेतरी 'फावला वेळ' हा शब्द गळून पडला आणि त्या जागी 'कारखाना' हा शब्द आला. हाताची हालचाल मात्र तीच होती: कापणे, शिवणे, उलटवणे, भरणे, डोळे बसवणे. बदलली ती हिशेबाची वही. मार्गारेटेपाशी ती वही होती, म्हणून तिचे नाव राहिले. ज्यांच्यापाशी ती नव्हती त्यांचे काय झाले, हे पाहण्यासाठी आपल्याला फेल्ट सोडून क्रोशाकडे यावे लागेल.

*

क्रोशा हा शब्द फ्रेंच, अर्थ आकडा. एक आकडा, एक दोरा आणि एकावेळी एकच जिवंत टाका, एवढ्यावर हे सारे विणकाम चालते. दोन सुयांच्या विणकामात सुई निसटली तर ओळीच्या ओळी सुटतात. क्रोशात फक्त एक टाका सांभाळायचा असतो. चुलीवरचे दूध उतू जात असताना खाली ठेवता येईल, असे हे काम आहे. त्याच्या लोकप्रियतेचे हे कारण पुस्तकांत फारसे लिहिलेले नसते.

त्याचे वय मात्र वाटते त्याहून कमी आहे. प्राचीन इजिप्त, अरबस्तान, चीन अशी अनेक कुळे त्याला चिकटवली गेली. पण त्यांना भक्कम पुरावा नाही. छापील नमुने सापडतात ते १८२०च्या दशकापासून, 'पेनेलोपे' नावाच्या एका डच मासिकात. त्यापूर्वीचा एक संभाव्य दुवा आपल्या अंगणातून जातो. कच्छ-गुजरातेतील मोची समाजाचे कारागीर आरी नावाच्या आकड्याने आधी कातड्यावर आणि मग कापडावर साखळी टाका घालीत. पूर्वेकडील हे साखळीचे भरतकाम अठराव्या शतकात युरोपात पोचले आणि तेथे गोल चौकटीत ताणलेल्या कापडावर आकड्याने भरण्याची फॅशन आली. पुढे कुणीतरी खालचे कापडच काढून घेतले आणि हवेतल्या हवेत साखळी चालू ठेवली, तोच क्रोशा, असे काही अभ्यासकांचे मत आहे. मत पटो न पटो, प्रतिमा मोठी मोहक आहे.

कौतुकाचा हा छंद पोटापाण्याचे साधन झाला तो आयर्लंडमध्ये. १८४५ साली तेथील बटाट्यावर रोग पडला आणि पुढील काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि साथींनी मेली; तितकीच किंवा त्याहून अधिक देश सोडून गेली. कॉर्कजवळच्या ब्लॅकरॉक येथील उर्सुलाईन मठातील जोगिणी मुलींना क्रोशा शिकवीत असत. उत्तरेकडे क्लोन्स गावी धर्मोपदेशकाची पत्नी कासांड्रा हँड हिने १८४७ साली हेच काम सुरू करवले. लंडनमध्ये मादमोझेल रिएगो द ला ब्रांशार्दिएर नमुन्यांची पुस्तके छापीत होती. व्हेनिसच्या सुईच्या लेसला जो वेळ लागे, त्याच्या थोड्याशा भागात आकड्याने तसाच उठाव साधता येतो, हे ध्यानात आले होते. गुलाब, तीन पाकळ्यांचे शॅमरॉकचे पान, द्राक्षाचे घोस अशी नक्षी जाड दोरीवर भरीव विणायची आणि मग जाळीने जोडायची. एका घरात फक्त गुलाब होत, दुसऱ्या घरात फक्त पाने, तिसऱ्या घरी ती जोडली जात. लंडन-पॅरिसच्या बायकांच्या गळ्याशी बसणारी ती कॉलर ज्या झोपड्यांत तयार झाली, तेथे रात्रीच्या दिव्याला तेल असेलच याची खात्री नव्हती.

दुष्काळ आणि सुई यांची ही जोडी पुढे अनेक ठिकाणी भेटते. १८९६-९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो अनाथ मुली आणि विधवा केडगावी आणल्या तेव्हा त्यांच्यापुढे प्रश्न हाच होता. अक्षरओळखीबरोबरच शिवण, विणकाम, छपाई अशी कामे तेथे शिकवली गेली. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे यांनी सुरू केलेल्या सेवासदनातही शिवणकामाचे वर्ग होते. निराधार स्त्रीच्या हाती काय द्यावे, याचे त्या काळचे एक उत्तर सुई होते. कारण सुई घेऊन घरात बसता येते आणि घरात बसलेल्या स्त्रीकडे कुणी बोट दाखवीत नाही.

*

या उत्तराचा दुसरा चेहरा आंध्रातल्या गोदावरीच्या मुखाजवळ, नरसापूर परिसरात दिसतो. एकोणिसाव्या शतकात मिशनरी स्त्रियांनी तेथील गरीब बायकांना लेस विणायला शिकवले. ते काम रुजले, वाढले, मिशनच्या हातून व्यापाऱ्यांच्या हाती गेले आणि तेथील क्रोशाचे रुमाल, चादरी, गळपट्टे परदेशी जाऊ लागले. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ स्त्रीने १९७०च्या दशकाच्या अखेरीस तेथे राहून अभ्यास केला आणि 'द लेस मेकर्स ऑफ नरसापूर' हे पुस्तक १९८२ साली प्रसिद्ध झाले.

मीस यांना जे आढळले ते असे. घरकाम उरकून बायका दिवसाचे सहा ते आठ तास लेस विणत. त्यांची मिळकत शेतमजुरीच्या दरापेक्षाही कमी पडे. आयर्लंडप्रमाणेच इथेही एक जण फुले करी, दुसरी ती जोडी. पुरी चादर कशी दिसते आणि ती कितीला विकली जाते, हे बहुतेकींना ठाऊक नसे. दलाल, व्यापारी आणि निर्यातदार जवळजवळ सारे पुरुष होते. लाखाच्या घरात असलेल्या या बायका सरकारी नोंदींत कामगार म्हणून कोठेच नव्हत्या. त्या गृहिणी होत्या आणि लेस हा त्यांचा 'फावल्या वेळेचा' उद्योग होता.

यातील खरी मेख पुढे आहे. लेस विणणाऱ्या अनेक जणी कापू जातीच्या होत्या. गरिबी असूनही शेतात मजुरीला जाणे त्यांना कमीपणाचे वाटे, कारण घराबाहेर न पडणे हीच त्यांच्या प्रतिष्ठेची खूण होती. शेतावर जाणाऱ्या दलित बायकांना त्या आपल्यापेक्षा खालच्या समजत आणि त्या बायका त्यांच्यापेक्षा अधिक मजुरी मिळवीत. 'मी काम करीत नाही, घरी बसून थोडे विणते' या वाक्यात प्रतिष्ठा होती आणि त्याच वाक्याच्या आधारे व्यापारी दर पाडीत होता. मीस यांनी या प्रक्रियेला जे नाव दिले त्याचा भावार्थ 'गृहिणीकरण' असा करता येईल. बाईला आधी गृहिणी ठरवले, की मग तिच्या श्रमाची किंमत आपोआप खाली येते.

नरसापूरच्या क्रोशा लेसला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. गावाच्या नावाला संरक्षण मिळाले याचा आनंदच आहे. विणणाऱ्या हाताच्या तासाला काय दर असावा, हे मानांकन ठरवत नाही.

*

आपल्याकडील मध्यमवर्गीय घरांत क्रोशा आला तो बाजाराच्या नव्हे तर संस्कारांच्या वाटेने. गोव्यात आणि वसईत तो मठांच्या शाळांतून आला, पुण्या-मुंबईत मुलींच्या शाळांतील शिवणाच्या तासातून. थोड्याच काळात त्याने पूर्ण मराठी वेष धारण केला. 'साखळी', 'खांब', 'मुका खांब' हे शब्द ज्यांनी घडवले त्या बायकांची नावे कोणत्याही परिभाषा कोशात नाहीत. पण मुका खांब या शब्दातली नेमकी गंमत कोणत्याही समितीला सुचली नसती. पाण्याच्या पिंपावर मणी लावलेला जाळीचा रुमाल, दारावर तोरण, रेडिओवर झालर, पुढे दूरदर्शनसंचावर आच्छादन. घरात शिरणाऱ्या प्रत्येक नव्या यंत्राला क्रोशाने आधी कपडे घातले आणि मगच घरात घेतले.

रुखवत हे या साऱ्याचे वार्षिक नव्हे तर आयुष्यातून एकदाच भरणारे प्रदर्शन. त्यावर टीका करणे सोपे आहे. मुलगी 'गृहकृत्यदक्ष' असल्याचा तो पुरावा होता आणि पुरावा नेहमी दुबळ्या बाजूनेच द्यावा लागतो. वराच्या अंगच्या कलांचे टेबल कुणी मांडल्याचे आमच्या पाहण्यात नाही. हे सारे मान्य करूनही एक गोष्ट उरते. रुखवतात चादरी आणि रुमाल पुरले असते. मग ससा कशासाठी? एक डोळा वर असलेला हत्ती कशासाठी? गृहकृत्यांत हत्तीचा काही उपयोग नाही. दक्षतेच्या त्या परीक्षेत उत्तरपत्रिकेच्या समासात काढलेले ते चित्र होते. मार्गारेटेच्या हत्तीमागे निदान टाचण्यांचे निमित्त होते. आत्याच्या हत्तीला तेही नव्हते.

*

आणि या समासातल्या चित्रांत ज्ञान दडलेले असते, याचा पुरावा अगदी अलीकडे मिळाला. क्रोशाचा गोल रुमाल विणणाऱ्या प्रत्येकीला एक नियम ठाऊक असतो. सहा मुक्या खांबांनी सुरुवात केली तर पुढच्या फेरीत बारा, मग अठरा, मग चोवीस. दर फेरीत सहा वाढवले की रुमाल सपाट बसतो. वाढ कमी पडली तर तो वाटीसारखा आत वळतो आणि वाढवणे थांबवून पुढे कमी करत गेले तर चेंडू होतो. 'आमिगुरुमी' या जपानी नावाने आज जगभर लोकप्रिय झालेल्या विणलेल्या बाहुल्या आणि प्राणी याच गणितावर उभे असतात. उलट वाढ जास्त झाली तर कडेला झालर पडते आणि रुमाल काही केल्या टेबलावर सपाट बसत नाही. "गोळा होतोय" आणि "झालर पडतेय" ही आमच्या घरातील बायकांची नित्याची तक्रार होती.

गणिताच्या भाषेत हीच वक्रतेची तीन रूपे होत. सपाट, गोलीय आणि तिसरे अपास्तिक, म्हणजे ज्यात जागा कडेकडे सतत अधिकाधिक वाढत जाते. लोबाचेव्स्की आणि बोल्याई यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या तिसऱ्या भूमितीची मांडणी केली. परंतु असे प्रतल हाताशी धरून दाखवणे कठीण होते. कागदाच्या पट्ट्या चिकटवून केलेले नमुने लवकर फाटत. १९९७ साली कॉर्नेल विद्यापीठातील लाटव्हियन गणितज्ञ दाइना ताइमिन्या यांनी क्रोशाची सुई उचलली आणि दर फेरीत ठरावीक प्रमाणात टाके वाढवत हे प्रतल चक्क विणून काढले. विद्यार्थी आता त्यावर सरळ रेषा दुमडून पाहू शकत होते. त्यांच्या पुस्तकाला पुढे वर्षातील सर्वांत विचित्र शीर्षकाचा एक विनोदी पुरस्कार मिळाला. मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थहाइम या बहिणींनी २००५ साली त्याच तंत्राने क्रोशाचे प्रवाळ विणायला सुरुवात केली, कारण समुद्रातील प्रवाळांना आणि लेट्यूसच्या पानालाही निसर्गाने तीच झालर दिलेली आहे.

आमच्या आजीला अपास्तिक भूमिती ठाऊक होती, असा दावा आम्ही करणार नाही. तसे म्हणणे म्हणजे पुन्हा एकदा तिच्या कामाला दुसऱ्याच्या शब्दांनी मोठेपणा देणे झाले. म्हणायचे एवढेच की जी गोष्ट फसलेला रुमाल म्हणून उसवली जात होती, ती पाहण्याची नजर येण्यासाठी एका गणितज्ञाला स्वतः विणता येणे आवश्यक होते.

*

आणखी एक गोष्ट. स्वेटर विणणारी यंत्रे आहेत, लेस करणारी आहेत, भरतकामाची आहेत. खऱ्या क्रोशाचे बाजारी प्रमाणावर उत्पादन करणारे यंत्र मात्र अद्याप प्रचारात नाही. प्रयोगशाळांतून प्रयत्न झाले आहेत; 'क्रोशा यंत्र' या नावाने जे विकले जाते ते प्रत्यक्षात निराळ्या जातीचे विणकाम करते. आकडा प्रत्येक वेळी नव्या जागी, नव्या कोनातून घुसवावा लागतो, हे त्याचे एक कारण. अर्थ असा, की दुकानात टांगलेला क्रोशाचा स्वस्त टोप किंवा फुलांची पिशवी पाहिली, तर ती कुठेतरी, कुणीतरी, टाक्यामागून टाका घालून हातानेच विणलेली असते. किमतीची चिठ्ठी पाहून तासांचा हिशेब ज्याने त्याने करावा.

आणि वेळाचा हिशेब तर सरकारनेही मांडला आहे. २०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे त्यात जात होती आणि असे काम करणाऱ्या पुरुषांची ९७. या आकड्यांच्या उजेडात 'फावला वेळ' हा शब्द पुन्हा उच्चारून पाहावा.

आम्ही तो आत्यापाशी पुन्हा उच्चारला. हत्तीचा फावला वेळ नेमका कोणता, असे खोदून विचारले. तेव्हा हळूहळू जे बाहेर आले ते असे: रात्री भांडी झाल्यावर दहा ते साडेअकरा, स्वयंपाकघरातील दिव्याखाली. हत्ती एकच नव्हता. आळीतील निदान आठ-दहा मुलींच्या रुखवतांतले हंस, ससे आणि हत्ती तिच्या हातचे होते. प्रत्यक्ष लग्नात ते त्या त्या वधूच्या नावाने मांडले गेले. मोबदला कधी ब्लाउजपीस, कधी पाच-दहा रुपये. आणि एका वर्षी आमच्या वडिलांची मॅट्रिकच्या परीक्षेची फी त्या रुपयांतून भरली गेली होती. ही गोष्ट वडिलांनाही ठाऊक नव्हती.

"मग याला तू काम का नाही म्हणत?" आम्ही विचारले.

आत्या हत्तीच्या पाठीवरची धूळ पदराने पुसत होती. म्हणाली, "काम म्हटलं असतं तर घरातून करू दिलं असतं का?"

इतका वेळ आम्ही या शब्दाला व्यापाऱ्याची लबाडी समजत होतो. तो बाईचा आडोसाही होता, हे आमच्या ध्यानात आले नव्हते. त्याच आडोशामागे नरसापूरच्या बायकांची मजुरी बुडाली आणि त्याच आडोशामागे आत्याने स्वतःचे दीड तास, स्वतःचे चार रुपये आणि एक खोडकर हत्ती राखून ठेवला. इतिहास लिहिणाऱ्याने हा पडदा फाडावा की जपावा, याचे उत्तर आम्हांस सापडलेले नाही. पडद्यामागे कोण बसले होते, त्याची नोंद मात्र व्हायला हवी.

निघताना आत्याने हत्ती कपाटातून काढून आमच्या मुलीच्या हातात दिला. लगेच त्याचे शेपूट ओढले गेले. आम्ही दचकून पुढे झालो. आत्या म्हणाली, "राहू दे. साखळी आहे ती. सुटली तर मी तिला पुन्हा घालायला शिकवीन."